पाण्याचा घोट सर्वांत अवघड

ठाणे असो की वाशी-नेरुळ, पक्षाघाताचा झटका आला की रिक्षा येईपर्यंत घरातलं कुणीतरी रुग्णाच्या तोंडाला पेला लावतंच. ‘पाणीच तर आहे, त्यात काय गिळायचं!’ पण झटक्यानंतर बहुतेकदा पाणीच जास्त घात करतं.

घशात हवेची आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदते. जिभेने घास मागे लोटला की पुढचं सगळं साधारण सेकंदभरात उरकतं. टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात आणि कंठमणी वर-पुढे सरकतो. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा, लगेच जाणवेल. या सरकण्याने स्वरयंत्रावर झाकण पडतं आणि त्याच ओढीने अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळलेला स्नायू उघडतो. एकाच हालचालीत एक दार लागतं, दुसरं उघडतं! हा ताल लंबमज्जा, म्हणजे मेंदूचा सर्वांत खालचा, मणक्याला जोडणारा भाग सांभाळते. पाचवी, सातवी, नववी, दहावी आणि बारावी कर्परचेता (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसा) निरोप्याचं काम करतात. झटक्यामुळे ताल अर्धा सेकंद जरी चुकला, तरी धावतं पाणी दार लागण्याआधीच श्वासनलिकेशी पोचतं. दाटसर पेज सावकाश सरकते, पण ती घशात साचूही शकते.

ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. घशाची जाणीव गेली असेल तर पाणी बिनबोभाट फुफ्फुसात उतरतं. मागाहून आवाज ओलसर, घरघरता होतो, ताप येतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणी, गोळी, तीर्थ, अंगारा काहीही नको. कबुतराचं रक्त चोळत बसलात, तर मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी झटक्यापासून मिळणारे साडेचार तास हातचे जातात.

तपासणीत गिळणं धोक्याचं ठरलं, तर भरवण्यासाठी नाकातून पोटात नळी घालतात. ती घालताना नाकाचं टोक, कानाची पाळी, छातीच्या हाडाचं खालचं टोक असं माप घेतात. नळीवरची नाकपुडीपाशी आलेली खूण लिहून ठेवा आणि दर वेळी भरवण्याआधी पाहा. ती सरकली असेल तर भरवू नका. नळीतून हवा सोडून पोटावर गुडगुड ऐकणं भरवशाचं नाही, कारण नळी फुफ्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो. एक्स-रे, किंवा नळीतून ओढलेल्या द्रवाचा सामू (pH, आम्लतेचं माप) 5.5 वा कमी, ही खात्रीची खूण.

डोकं 30 ते 45 अंश वर हवं. गाळलेली पेज एका वेळी 200-250 मिली, सिरिंजचा दट्ट्या न दाबता, आपल्या वजनाने उतरू द्यायची. शेवटी 30 मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. पुढे निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच कुटा, काही कुटायच्या नसतात. चार आठवड्यांनंतरही गिळता येत नसेल तर पोटातून थेट नळीचा विचार होतो.

आणि तोंडाने काही जात नाही म्हणून दात घासणं थांबवू नका. नळी असली तरी लाळ घशात उतरतेच. अस्वच्छ तोंडातले जंतू तिच्याबरोबर फुफ्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो.