वजनाचं ऑपरेशन झालं, आता पुढे काय?

वजन कमी करायचं ऑपरेशन म्हटलं की बहुतेकांना एवढंच माहीत असतं, की पोट कापून छोटं केलं, आता त्या माणसाला जास्त खाताच येत नाही म्हणून तो बारीक होतो. आणि त्याच्या मागोमाग येतंच, "शॉर्टकट आहे हा, जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं." माझ्या मावशीचं हे ऑपरेशन झालं तेव्हा घरातल्याच माणसांच्या तोंडून हे ऐकलंय मी, आणि मला त्याचा फार राग आला होता. तेव्हापासून या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत आलेय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी आत नेमकं काय करतात ते बघू. जगभर सगळ्यात जास्त होतं ते स्लीव्ह, त्यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढूनच टाकतात आणि उरते ती केळ्याएवढी एक नळी. दुसरं गॅस्ट्रिक बायपास, त्यात जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, म्हणजे मोठं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा तुकडा जागेवरच राहतो पण अन्न तिथून जात नाही. ही कल्पना अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन या सर्जनची, १९६० च्या दशकातली. अल्सरसाठी ज्या बायकांचं अर्धं जठर काढलं होतं त्यांचं वजन उतरतं आणि परत वाढत नाही हे त्यांनी पाहिलं होतं.

पण नुसती जागा कमी झाली एवढंच असतं तर माणूस दिवसभर भुकेने तळमळत बसला असता ना? तसं होत नाही, ऑपरेशन झालेले बहुतेक जण सांगतात की भूकच लागत नाही, आठवणीने खावं लागतं. याचं कारण हार्मोन्समध्ये आहे. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं हार्मोन तयार होतं, १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या टीमने ते शोधलं. जेवायच्या आधी रक्तात त्याचं प्रमाण वाढतं आणि मेंदूला भुकेचा निरोप जातो. स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग काढला जातो. शिवाय दोन्ही ऑपरेशनांत अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि तिथून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त सुटतात. सध्या सेमाग्लुटाइड वगैरे ज्या वजनाच्या इंजेक्शनांची एवढी चर्चा आहे ना, ती याच जीएलपी-१ ची नक्कल आहे.

डायबेटीसचं तर अजून नवल. नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये आपल्या बायपासच्या पेशंटचा अनुभव छापला, त्यात टाइप २ डायबेटीस असलेल्या दर १०० पैकी ८० पेक्षा जास्त जणांची साखर नॉर्मल राहिली होती, आणि ती ऑपरेशननंतर काही दिवसांतच उतरायला लागायची, वजन अजून फारसं हललेलंही नसताना. म्हणजे हा नुसता बारीक होण्याचा परिणाम नव्हता. पुढे काही वर्षांनी काहींचा डायबेटीस परत येतो हेही खरंय, जुना असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर जास्तच, पण मधली चांगली वर्षं डोळे, किडनी आणि हृदयाच्या हिशोबात फुकट जात नाहीत.

आपल्या लोकांसाठी याचं महत्त्व जास्त आहे. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवून दिलंय की भारतीय माणूस वरून सडपातळ दिसला तरी आत चरबी जास्त बाळगून असतो, अगदी जन्मलेल्या बाळापासून. त्यामुळे कमी वजनालाच आपल्याला डायबेटीस गाठतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही आशियाई लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरावा आणि २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करावा असं म्हटलंय. आपल्याकडे २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं आणि ते लपवलं नाही, तेव्हापासून निदान नाव तरी घरोघरी कळलं.

आता घरी आल्यावरचं. सुरुवातीचे आठवडे नुसतं पातळ, ताक, डाळीचं पाणी, सूप, मग मऊ केलेलं, मग हळूहळू साधं जेवण. मावशी एका छोट्या वाटीत घट्ट वरण आणि त्यात कुस्करलेलं पनीर घेऊन बसायची आणि तेवढं संपवायला तिला अर्धा तास लागायचा, चमचा खाली ठेवायचा, चावायचं, थांबायचं, परत उचलायचा. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने घोट घोट. एक घास जास्त झाला तर छातीच्या मधोमध दुखायचं आणि तोंडाला पाणी सुटून सगळं वर यायचं. आणि एवढ्याशा पोटात दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन बसवायचं असतं, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, त्यावरून अंदाज करा! म्हणून आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी-भात. आपलं ताट नेमकं याच्या उलट असतं.

गोड खाल्लं तर, विशेषतः बायपास झालेल्यांना, डंपिंग होतं. श्रीखंड किंवा जिलबी पोटात न थांबता सरळ आतड्यात जाऊन पडते, तिथे साखर पाणी ओढून घेते आणि १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, चक्कर, पोटात मुरडा, माणसाला आडवं व्हावंसं वाटतं. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा झटका येतो कारण शरीराने घाईघाईत जास्त इन्सुलिन सोडलेलं असतं आणि रक्तातली साखर खाली घसरते. हे माहीत नसलेली मंडळी लग्नात आग्रह करकरून वाढतात, "एवढंसंच? आमच्याकडचं आवडलं नाही वाटतं," आणि समोरची व्यक्ती बिचारी मान राखायला एक जिलबी खाते नि मग पुढचा तासभर कुठल्यातरी खोलीत पडून असते. कृपया असा आग्रह करू नका.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळायला लागतात आणि बायका फार घाबरतात. शरीराला मोठा धक्का बसला की एरवी वाढत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मुळं जिवंत असतात, प्रोटीन, लोह, झिंक नीट असेल तर केस परत येतात. थंडीही जास्त वाजते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून बरेच डॉक्टर सहा महिने त्याची गोळी देतात.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती जीवनसत्त्वांची, कारण ती कमतरता दिसत नाही. बी-१२ शोषून घ्यायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, जठरच छोटं झालं किंवा वाटेतून बाजूला पडलं की तेही कमी पडतं, आणि आपल्याकडे शाकाहारी माणसाचं बी-१२ मुळातच कमी असतं. गंमत म्हणजे लिव्हरमध्ये त्याचा साठा असतो, काही वेळा वर्षानुवर्षं पुरेल एवढा, त्यामुळे ऑपरेशननंतर पहिलं वर्ष सगळं छान चाललेलं असतं, माणूस गोळ्या बंद करतो, डॉक्टरकडे जाणं थांबवतो आणि मग कधीतरी तळपायाला मुंग्या, तोल जाणं, विसरायला होणं सुरू होतं. उशीर झाला तर नसांचं ते नुकसान पूर्ण भरून येत नाही. थायमिन म्हणजे बी-१ चं याच्या बरोबर उलट, त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच. त्यामुळे ऑपरेशननंतर ओकाऱ्या थांबतच नसतील तर "होईल बरं" म्हणून घरी बसू नका. दोन-दोन दिसायला लागलं, चालताना झोकांड्या जायला लागल्या, माणूस बरळायला लागला तर ती इमर्जन्सी आहे, आणि दवाखान्यात ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी ऑपरेशनबद्दल सांगा, कारण आधी थायमिन द्यावं लागतं.

लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, बायपासमध्ये तोच वगळलेला असतो, म्हणून गोळ्या आयुष्यभर. कॅल्शियम सायट्रेट घ्यायला सांगतात ते त्याला पचायला आम्ल लागत नाही म्हणून. आणि गुडघा दुखला की मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणून खायची सवय पूर्ण सोडायची, जठर आणि आतडं नव्याने जिथे जोडलंय तिथे अल्सर होतो, फुटूही शकतो. सिगारेट-तंबाखूचंही तेच.

चांगलं काय होतं तेही सांगायलाच हवं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं कमी होतं, जिना चढता येतो, बीपीच्या गोळ्या उतरतात. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी चुकण्याचा त्रास, असलेल्या मुलींची पाळी नियमित होते आणि मूल राहण्याची शक्यता एकदम वाढते, पण नेमकं तेव्हाच १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, कारण वजन उतरत असताना बाळाला पोषण कमी पडू शकतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही, ती नीट शोषली जाईलच असं नाही. ही गोष्ट सासू-सासऱ्यांसकट सगळ्यांना डॉक्टरांनीच समजावून सांगावी असं मला वाटतं, एकट्या सुनेवर ते ओझं नको. सुटलेल्या कातडीबद्दलही कुणी आधी बोलत नाही, पोटाखालच्या घडीत घाम साचून खाज, पुरळ, वास, आणि ती कातडी व्यायामाने जात नाही, वजन स्थिर झाल्यावर वेगळं ऑपरेशन लागतं.

आता मनाचं, ज्यासाठी खरंतर हे सगळं लिहायला घेतलं. शरीर बदलतं महिन्यांत, मेंदूतलं आपलं स्वतःचं चित्र मात्र जुनंच राहतं. मावशी एवढी उतरली तरी एसटीत शेजारच्याला अडचण नको म्हणून सीटच्या कडेवर अर्धी बसायची, दुकानात गेली की आधी सगळ्यात मोठ्या साइजच्या गठ्ठ्याकडेच हात जायचा. लोक "किती छान दिसतेस" म्हणायला लागले, पूर्वी ज्यांनी नीट बोलायचे कष्ट घेतले नव्हते ते चहाला बोलवायला लागले, आणि तिला आनंदाबरोबर संतापही यायचा. ती म्हणाली होती, "मी तीच आहे गं, मग इतकी वर्षं मी माणूस नव्हते का?" मला यावर काही बोलता आलं नाही. आणि दुसऱ्या टोकाला "आजारी आहेस का, चेहरा किती उतरला" म्हणणारेही असतात.

दुसरं असं की ज्यांनी वर्षानुवर्षं दुःख, कंटाळा, एकटेपणा खाण्यावर काढलेला असतो त्यांचा तो आधार एका दिवसात जातो. दुःख तिथेच असतं, काहींच्या बाबतीत ते दारूकडे वळतं. बायपासनंतर दारू फार पटकन रक्तात जाते, थोडीशी घेतली तरी पातळी आधीपेक्षा वर जाते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दारूची समस्या असलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनआधी ७.६ टक्के होतं, ते पहिल्या वर्षी जवळपास तेवढंच राहिलं आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झालं. दुसरं वर्ष, लक्षात घ्या.

घरातली नातीही हलतात. स्वीडनमधल्या नोंदींवरून २०१८ मध्ये असं दिसलं की ऑपरेशन झालेल्यांमध्ये एकटे असलेल्यांचं लग्न किंवा नवं नातं जुळण्याचं प्रमाण वाढलं आणि आधीच नात्यात असलेल्यांमध्ये घटस्फोट आणि वेगळं होण्याचंही वाढलं. आत्मविश्वास आलेला माणूस आधी जे मुकाट सोसत होता ते सोसत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं, आणि ते मला वाईट वाटत नाही. पण जोडीदाराला तयारीच नसेल तर घर ढवळून निघतं.

आणि सगळ्यात जड आकडा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या युटामधून एक अभ्यास आला, बायपास झालेल्या जवळजवळ ८ हजार लोकांची तेवढ्याच वजनदार लोकांशी तुलना केलेला. एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी, डायबेटीसमुळे होणारे तर ९२ टक्क्यांनी कमी, इतका फायदा क्वचितच कशाने होतो. पण त्याच अभ्यासात आजाराने न झालेले मृत्यू, म्हणजे अपघात, आत्महत्या वगैरे, ५८ टक्क्यांनी जास्त होते. असे मृत्यू संख्येने कमीच, म्हणून एकूण हिशोब ऑपरेशनच्याच बाजूने जातो, तरी ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञाची एक चिठ्ठी घेऊन फाइल बंद करणं किती अपुरं आहे ते यातून कळतं.

साधारण दीड-दोन वर्षांनी भूक थोडी परत येते आणि वजनही थोडं वाढतं. स्वीडनच्याच दीर्घ अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन आधी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, १० वर्षांनी ते मूळच्यापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे वाढूनही फायदा मोठाच राहिला, पण काट्यावर तीन-चार किलो चढलेले दिसले की लोक शरमेने डॉक्टरकडे जाणंच बंद करतात. बी-१२ चा साठा संपत आलेला असतो तो याच सुमारास, दारूचं प्रमाण वाढतं तेही याच सुमारास, आणि कौतुक करणारे नातेवाईक तोवर आपापल्या कामाला लागलेले असतात. म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी त्यांच्याबरोबर रक्ततपासणीला तुम्ही स्वतः जा, हिमोग्लोबिन, बी-१२, डी, कॅल्शियम यांच्या रिपोर्टबरोबर झोप कशी आहे, पिणं किती आहे, मन कशात लागतंय का हेही डॉक्टरांसमोर काढा, वजन वाढलं असेल तर ते शेवटी बोला. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झाला तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर २४ तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.