सातबारा गेला, शेत जागेवरच

मे महिन्यातली दुपार. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, घरात कूलरचा घरघराट. अशात मनीषनगरहून साडभाऊंचा फोन आला. "भाऊ, कॉम्प्युटर लय हळू चालत होता म्हणून मी तं नुसतं रिसेट म्हटलं. हे सारंच साफ करून बसलं ना!"

"आत्ता चालू आहे का?"

"हो, नवीन विंडोज आलं. अपडेट होऊन राहिलं."

"आधी बंद करा. सरळ प्लगच काढा."

एवढी घाई कशाला, ते जमिनीच्या व्यवहारावरून लवकर कळतं. तलाठ्याचं दप्तर जळालं तर सातबारे जातात. शेत मात्र जागेवरच असतं, त्यातली संत्र्याची झाडंही. विंडोजच्या डिस्कवरही असंच एक दप्तर असतं, मास्टर फाइल टेबल नावाचं. 1993 साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद तिथे सहसा 1 केबीच्या खान्यात राहते: नाव, तारीख आणि डिस्कवर तिचा पसारा कुठून कुठवर आहे ते. फाइल डिलीट केली की नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण पडते आणि तिची जागा रिकामी धरली जाते. पसाऱ्याला कुणी हात लावत नाही. रिसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडलं, तरी डेटा खरोखर पुसण्याचा वेगळा पर्याय सुरू केलेला नसेल, तर साध्या हार्ड डिस्कवर मुख्यतः दप्तरच बदलतं.

खरी भीती नव्या बांधकामाची. कागदावर मोकळा दिसणारा प्लॉट कोण सोडतो? नवं विंडोज वीसेक जीबी जागा अडवतं, वर अपडेट चालूच. ज्या जागेवर नवा डेटा बसला, तिथला जुना संपला. 1996 साली संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांचा एक निबंध आला आणि डिस्क 35 वेळा पुसल्याशिवाय डेटा जात नाही असा समज पसरला. अजूनही कुणी तरी छातीठोकपणे सांगतं, 'लॅबमध्ये सगळं निघतं'. आजच्या डिस्कवर एकदा नवं लिहिलं गेलं की खालचं व्यवहारात वाचता येत नाही.

साडभाऊंच्या कॉम्प्युटरच्या डब्यात दोन डिस्क होत्या. विंडोज 256 जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर, आणि फोटो 1 टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर. रिसेटनं विचारलं होतं की फक्त विंडोजची ड्राइव्ह की सगळ्या. यांचं बोट 'ऑल ड्राइव्ह्ज'वर पडलं.

एसएसडीचं दुखणं निराळं. तिथल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही, आधी ती पुसावी लागते. लिहिताना एकेक पान लिहिता येतं, पण पुसायचं तर अनेक पानांचा अख्खा ठोकळा एकदम. ऐन वेळी पुसत बसलं तर वेग पडतो. म्हणून 2009 च्या विंडोज 7 पासून विंडोज एसएसडीला 'ट्रिम' नावाचा निरोप पाठवतं: अमुक जागा आता कामाची नाही. मग आतला कंट्रोलर फावल्या वेळात ती साफ करत राहतो. इथे दप्तर बदलल्याबरोबर शेतावर बुलडोझर येतो म्हणा ना! ती एसएसडी काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तरी वीज मिळताच आतली साफसफाई पुढे चालू राहू शकते. वाचायला जावं तर बहुतेकदा नुसते शून्य. साडभाऊंचा डेस्कटॉप असा गेला. तो वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला, जोडलेला असता तर फोनवरूनच पाहता आला असता, तो नव्हता. मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रं ईमेलच्या 'सेंट'मध्ये सापडली, तेवढाच दिलासा.

हार्ड डिस्क मी काढून घरी आणली. ती टकटक आवाज करत असती तर हातही लावला नसता, कारण आत डेटा वाचणारं हेड तबकडीच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं आणि बिघडलेलं हेड फिरवत ठेवणं म्हणजे ओरखडे वाढवणं. ही धडधाकट होती. आधी दुसऱ्या डिस्कवर तिची बिट न् बिट नक्कल घेतली आणि मग त्या नकलेवर फोटोरेक चालवलं. क्रिस्टोफ ग्रेनिए यांचं हे फुकट सॉफ्टवेअर. नावात फोटो असला तरी ते शेकडो प्रकारच्या फाइली शोधतं.

दप्तर नसताना शोधतं कसं? पिकावरून शेत ओळखावं तसं. प्रत्येक जेपेग फोटोची सुरुवात 255, 216, 255 या तीन आकड्यांनी होते. पीडीएफ आपलं नाव पहिल्या काही अक्षरांतच सांगते. वर्डची आजची फाइल आतून झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं असते, म्हणून ती इंग्रजी पी आणि के या अक्षरांनी सुरू होते. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं, 1989 पासून जगभरच्या फाइलींच्या कपाळावर बसलेली! सॉफ्टवेअर डिस्कवर या खुणा हुडकत जातं आणि खूण दिसली की तिथून पुढचा तुकडा फाइल म्हणून उचलतं.

रात्रभर चालल्यावर हजारो फोटो निघाले. नावं मात्र गेली ती गेलीच, कारण ती दप्तरात होती. 'दिवाळी', 'बाबांची पंचाहत्तरी' असले फोल्डर जाऊन नुसते क्रमांक उरले. पण कॅमेरा फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आतच लिहून ठेवतो. तिच्यावरून वर्षवार लावता आले.

काही फोटो अर्धेच आहेत. फाइल डिस्कवर सलग नसेल, तिचे तुकडे दोन-तीन ठिकाणी विखुरलेले असतील, तर पुढचा तुकडा कुठे ते सांगणारं दप्तरच नाही. सॉफ्टवेअर शेजारचं जे असेल ते जोडून देतं. फुटाळा तलावावरचा एक फोटो असा आहे: वर आभाळ आणि साडभाऊंच्या आईचा चेहरा, खाली करड्या-गुलाबी पट्ट्या. साडभाऊ तो मोठा करून बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "पट्ट्या कापून प्रिंट निघते का?"

निघते.