आरे-वारेच्या वळणावर आवाज का तुटतो? बाईकवरच्या सीबी रेडिओची रेंज

पावसाळा सरला, रस्ते कोरडे झाले की आमच्या रत्नागिरीकडे मोटारसायकलवाल्यांचे ग्रुप यायला लागतात. दिघी, वेसवी, दाभोळ, जयगड अशा एकेक खाड्या फेरीबोटीने पार करत खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जातात. हेल्मेटमधला ब्लूटूथ इंटरकॉम सरळ रस्त्यावर झकास चालतो पण तो २.४ गिगाहर्ट्झचा, त्याची लहर साडेबारा सेंटीमीटरची, मध्ये डोंगराची सोंड आली की पुढची बाईक गेली ती गेलीच. मोबाईलची रेंज तर काही पट्ट्यांत नसतेच. म्हणून मग रेडिओचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, किती वॅटचा घेऊ?

मी गेली बरीच वर्षं हॅम रेडिओ, म्हणजे परीक्षा देऊन लायसनवर हौसेने चालवायचा रेडिओ, करतो, मित्रांच्या बाईकवर अँटेना बसवून देतो, आणि मला मनापासून वाटतं की हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. वॅट सोडून बाकी सगळीकडे रेंज सांडलेली असते, ती आधी गोळा करायची.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. अमेरिकेत १९५८ साली हा २७ मेगाहर्ट्झचा पट्टा सामान्य लोकांना खुला झाला, १९७७ पासून तिथे ४० चॅनेल आहेत आणि एएम वर (आवाज लहरीच्या उंचीवर चढवायची पद्धत) जास्तीत जास्त ४ वॅट. तिथल्या होंडा गोल्डविंगसारख्या मोठ्या टूरिंग बाईकवर तर सीबी कंपनीची ॲक्सेसरी म्हणून मिळायचा. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा लायसनशिवाय वापरता येतो, पण ५ वॅटपर्यंत आणि अँटेना सेटमध्येच असलेली, म्हणजे बिल्ट-इन हवी, ही अट नीट वाचा. बाईकच्या मागे लांब काठी लावायची तर ती सूट लागू होत नाही. म्हणून माझे सगळे प्रयोग लायसनवर, शेजारच्या २८ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर केलेले, दोन्हीत फरक इतका थोडा की खाली जे सांगतोय ते दोन्हीकडे जसंच्या तसं लागू पडतं. ज्याला बाहेरची अँटेना लावून मोकळेपणाने हे करायचंय त्याने हॅमची परीक्षा द्यावी, अभ्यास फार नाही आणि मजा आयुष्यभराची आहे.

आता वॅटचं. जमिनीलगत दोन बाईक बोलत असतील तर सरळ गेलेली लहर आणि जमिनीवर आपटून आलेली लहर एकमेकींना बरंचसं मारतात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद चौथा भाग न होता साधारण सोळावा भाग होते. म्हणजे ४ वॅटवर ५ किलोमीटर बोलणं होत असेल तर नुसत्या वॅटच्या जोरावर १० किलोमीटर करायला ६४ वॅट लागतील. कायद्यात बसत नाही ते सोडाच, बाईकच्या बॅटरीलाही ते झेपायचं नाही. आणि ४ चे ८ केले तर समोरच्याच्या सेटवरच्या सिग्नल मीटरवर अर्धा एस युनिट (त्या मीटरचं एक घर म्हणजे एक एस युनिट) वाढतो, कानाला जेमतेम कळतो. तो सोळाचा आकडा मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरी गळती अँटेनात आहे. २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांब, तिची पाव लांबी म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. एवढी काठी बाईकवर लावून आंब्याच्या फांद्यांखालून जाणार कसं, म्हणून मग एक-दीड मीटरची काठी आणि खाली किंवा मध्ये कॉइल, असा जुगाड सगळेच करतात. कॉइलमुळे रेडिओला वाटतं की अँटेना पूर्ण लांबीची आहे. पण आखूड काठीचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे पॉवर हवेत सोडणारा कामाचा रेझिस्टन्स, फार कमी असतो, एक मीटरच्या काठीचा फक्त ३ ओहमच्या थोडा वर, दीड मीटरचा ७ च्या पुढे, पूर्ण पाव लहरीचा ३६. आणि याच्या रांगेत कॉइलचा आणि अर्थिंगचा वायफळ रेझिस्टन्स बसलेला, समजा दोन्ही मिळून १८ ओहम. पॉवर या सगळ्यांत वाटली जाते. एक मीटरच्या काठीवर ४ वॅटपैकी जेमतेम ०.६ वॅट हवेत जातात, बाकी नुसती उष्णता. काठी दीड मीटरची केली की १.१ वॅटच्या वर, म्हणजे अर्धा मीटर लांबी वाढवून जवळजवळ दुप्पट, ना बॅटरीवर ताण ना वॅटच्या मर्यादेचा प्रश्न. कॉइल तळाशी असण्यापेक्षा मध्यावर असली तर अजून थोडा फायदा, कारण करंट काठीच्या वरच्या भागापर्यंत जास्त पोचतो.

मग अर्थिंग. गाडीला पत्र्याचं छप्पर असतं, अँटेनाचा दुसरा अर्धा भाग तेच होतं. बाईकला तसलं काही नाही. फ्रेम, इंजिन, सायलेन्सर एवढाच काय तो धातू आणि तोसुद्धा पेंट, रबर बुश, गंजलेले बोल्ट यांनी एकमेकांपासून तुटलेला. माझ्या एका मित्राच्या बाईकवर अँटेना मागच्या कॅरिअरला कसलेली होती, मीटर लावला तर कॅरिअर आणि फ्रेम यांच्यात कनेक्शनच धड नाही, पावडर कोटिंगचा जाड थर. बोल्टाखालचं कोटिंग लोखंडाचा पांढरा रंग दिसेपर्यंत घासून काढलं, आणि तांब्याची विणलेली चपटी पट्टी टाकून कॅरिअर, सबफ्रेम, इंजिन असं एकत्र बांधलं. पट्टी चपटी आणि आखूड का, तर इतक्या फ्रीक्वेन्सीला करंट धातूच्या फक्त पृष्ठभागावरून धावतो, गोल बारीक वायर लांब टाकली तर ती स्वतःच कॉइलसारखी वागते.

इथे एक गंमत झाली जी समजून घेण्यासारखी आहे. अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर, १ म्हणजे काहीच परत नाही. पट्टी टाकायच्या आधी मीटर तो १.४ दाखवत होता, टाकल्यावर १.९. मित्र घाबरला, म्हणाला बिघडवलंस. पण हिशोब करा, आधी एकूण रेझिस्टन्स ३६ ओहमच्या आसपास होता, त्यातले ७ कामाचे, पट्टीमुळे १० ओहमची गळती गेली आणि एकूण २६ राहिला. रेडिओला ५० ओहम हवे असतात म्हणून मीटर नाराज झाला, पण हवेत जाणारा हिस्सा २० टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर गेला. अँटेनाच्या पायथ्याशी छोटी मॅचिंग कॉइल टाकली की मीटरही खूश. एसडब्ल्यूआर फक्त एवढंच सांगतो की पॉवर परत येत नाहीये, ती कुठे जातेय ते सांगत नाही. अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे पॉवर नुसती उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर, लावा, एसडब्ल्यूआर एकदम १ आणि आवाज पलीकडच्या बोळातही जाणार नाही. १.५ ला परत येते ४ टक्के, ३ ला २५ टक्के, २ च्या खाली आलात की त्या मीटरमागे लागणं सोडा. काठी ट्यून करताना साधा नियम, वरच्या चॅनेलवर आकडा जास्त आला तर काठी लांब झालीय, खालच्या चॅनेलवर जास्त आला तर आखूड. आणि हे बाईक मोकळ्या जागी उभी करून, साइड बॉक्स लावलेले असताना, पत्र्याच्या शेडपासून लांब करायचं.

केबलबद्दल फार डोकं लावू नका, बाईकवर दोन मीटर केबल लागते, तेवढ्यात साध्या आरजी-५८ मध्येही नगण्य जातं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम, बाईक गप्प करणं. तुम्ही समोरच्याला ऐकू शकत नाही ते बऱ्याचदा त्याचा सिग्नल पोचत नाही म्हणून नाही, तुमच्याच बाईकच्या खरखरीत तो बुडतो म्हणून. एएम मध्ये तर आवाज लहरीच्या उंचीवरच चढवलेला असतो आणि प्लगची प्रत्येक ठिणगी त्याच उंचीवर येऊन आदळते. शोधायचं कसं, तर संध्याकाळी गावाबाहेर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर जा जिथे वरून विजेच्या तारा जात नाहीत, स्क्वेल्च (खरखर दाबून ठेवणारं बटण) पूर्ण उघडा, इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओ ऐका, मग चावी ऑन करा, मग इंजिन सुरू करा, मग रेस द्या. टकटक ऐकू आली आणि रेसबरोबर वेगाने वाढली तर इग्निशन. रेसबरोबर चढणारी शिट्टी आली तर चार्जिंग. आणि इंजिन बंद असतानाच सतत सळसळ, तर बहुतेक मोबाईलचा यूएसबी चार्जर नाहीतर नंतर लावलेले एलईडी लाईट, कारण दोन्हीच्या आत सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारं सर्किट असतं.

त्याच मित्राच्या बाईकवर सिग्नल मीटरची सुई नुसत्या खरखरीने ५ वर बसलेली. हँडलवरचा यूएसबी चार्जर उपटला तर सुई ३ वर आली, सड्यावर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत लांबवरचं बोलणं यायला लागलं जे आधी होतंच, आम्हाला ऐकू येत नव्हतं. दोन एस युनिट म्हणजे १२ डेसिबल, म्हणजे १६ पट! (हे मीटर अंदाजेच असतात, पण तरी.) आठवतंय ना, अंतर दुप्पट करायला जी १६ पट पॉवर लागणार होती, ती एक चार्जर काढून मिळाली, निदान आमच्या ऐकण्याच्या बाजूला. टकटकीसाठी प्लग रेझिस्टरवाला आहे का बघा, बऱ्याच कंपन्यांच्या नंबरमध्ये आर असतो. रेडिओचे दोन्ही वायर थेट बॅटरीवरून घ्या, दोन्हीला फ्यूज, आणि वायरवर खरखर अडवणारे फेराइटचे मणी.

एवढं केल्यावर उरतो तो भूगोल, आणि त्यात आपली किनारपट्टी खास आहे. दीड मीटर उंचीच्या अँटेनाला रेडिओचं क्षितिज ५ किलोमीटरवर, १०० मीटर उंच सड्यावर गेलात की ४० किलोमीटरच्या पुढे. पण जांभ्याची कोरडी जमीन २७ मेगाहर्ट्झची लहर शोषून टाकते. समुद्र मात्र वेगळा, खारं पाणी कोरड्या जमिनीपेक्षा हजारो पट चांगलं वीजवाहक, आणि उभ्या काठीतून निघालेली लहर त्याच्या पृष्ठभागाला धरून बरीच लांब सरकते, क्षितिजाच्या थोडी पलीकडेही. म्हणून गणपतीपुळ्याच्या वाळूजवळ थांबलेली बाईक आणि रत्नागिरीच्या किनारी रस्त्यावर आरे-वारेच्या चढावर समुद्राकडे तोंड केलेली बाईक निवांत बोलतात, आणि तीच दुसरी बाईक वळण घेऊन डोंगराच्या आतल्या अंगाला गेली की अर्ध्या किलोमीटरमध्ये आवाज खरखरायला लागतो. तुटला तर वॅट शोधू नका, समुद्र दिसेल अशा जागी थांबा. आंबा किंवा कुंभार्ली घाटात हा आधार नाही, तिथे ११ मीटरची लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वाकते एवढाच फायदा.

कधीकधी दुपारी सेटवर कुठल्यातरी परक्या भाषेतली बडबड येते, तेव्हा सेट बिघडलेला नसतो. सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत, जसा २०२४ चा सुमार होता, वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर २७ मेगाहर्ट्झलाही परत खाली वळवतो आणि हजारो किलोमीटरवरचे आवाज येतात. ते ऐकायला मला फार आवडतं, पण ग्रुपच्या बोलण्यात ती नवी खरखरच.

आणि हा आपला खारा वारा. गेल्या गणपतीनंतर त्या मित्राची रेंज परत पडली, एसडब्ल्यूआर मात्र छान दिसत होता, उलट आधीपेक्षा छान. कनेक्टर उघडला तर आतली जाळी हिरवी पडलेली, चिमटीत धरली तशी भुकटी झाली, आणि केबलच्या आवरणाखाली वीतभर आतपर्यंत पाणी चढलेलं. ओली केबल पॉवर खाते, परत येणारीही खाते, म्हणून मीटर हसत होता. वीतभर केबल कापून टाकली, नवीन कनेक्टर डागला, आत सिलिकॉन ग्रीस, वरून ताणून गुंडाळायचा तो स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप, खालून वर गुंडाळत नेला म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो, आणि सगळ्यावर साधा काळा टेप उन्हापासून वाचवायला. आता दर पावसाळ्याआधी आणि नंतर तो जोड उघडून बघतो, पंधरा मिनिटांचं काम आहे.