‘फास्टिंग इन्सुलिन’ या एका ओळीमागचा इतिहास

बेळगावात सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांत खानापूर, नंदगड, जांबोटी, येळ्ळूर, हुक्केरी आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यातलीही माणसं असतात. बहुतेकांच्या चिठ्ठीवर उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतरची शुगर आणि ‘तीन महिन्यांची’ एवढंच असतं. एखाद्याच्या चिठ्ठीवर मात्र आणखी एक ओळ असते: फास्टिंग इन्सुलिन किंवा सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन सोडताना सोबत बाहेर पडणारा तुकडा). शुगर म्हणजे रक्तातली साखर, हे आता घरोघरी माहीत आहे. पण साखर आवरणारं इन्सुलिन स्वतः किती आहे हे थेंबभर रक्तातून सांगता येणं, ही विद्या १९५९च्या आधी जगात कुठेच नव्हती.

टोरांटोत १९२२ साली माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं आणि मरणाच्या दारातली मुलं उठून बसली. त्यावरून सगळ्यांनी सरळ हिशोब मांडला की मधुमेह म्हणजे इन्सुलिन कमी. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये या हिशोबाला धक्का दिला. ग्लुकोज आणि इन्सुलिन एकाच वेळी दिल्यावर काही रुग्णांची साखर आटोक्यात राहते, तर काहींची तशीच चढते. म्हणजे दुसऱ्या गटात इन्सुलिन असूनही लागू पडत नाही, असं त्यांनी दाखवलं. पण रक्तातलं इन्सुलिन मोजण्याचं साधन त्यांच्याकडे नव्हतं. १९५१ मध्ये बॉर्नस्टाइन आणि लॉरेन्स यांनी उंदरांवर ते करून पाहिलं. अ‍ॅलॉक्सन हे रसायन देऊन मधुमेही केलेल्या आणि पिट्यूटरी व अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढलेल्या उंदराला रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेलं रक्ताचं पाणी, टोचायचा आणि त्याची साखर किती उतरते ते बघायचं. तरुण, रोडावलेल्या रुग्णांच्या प्लाझ्मात इन्सुलिन सापडलं नाही, वयस्कांच्या प्लाझ्मात सापडलं. दिशा बरोबर होती, पण असा उंदीर तयार करणं आणि जगवणं इतकं जिकिरीचं की रोजच्या रुग्णसेवेत या पद्धतीचा उपयोग शून्य.

कोंडी फोडणारे डॉक्टर म्हणजे सॉलोमन बर्सन. जन्म न्यूयॉर्कचा, १९१८चा. व्हायोलिन आणि बुद्धिबळ या दोन्हींत तयार असलेल्या या मुलाला अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. १९५० मध्ये ते ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोझलिन यालो यांच्यासोबत काम करू लागले. यालो भौतिकशास्त्रज्ञ. त्यांची पहिली प्रयोगशाळा म्हणजे झाडलोटीचं सामान ठेवण्याची खोली. किरणोत्सर्गी खुणेची कोणतीही गोष्ट अचूक मोजणं हा यालो यांचा हातखंडा, तर शरीरात काय चाललंय याचा अंदाज बांधणं हा बर्सन यांचा. थायरॉइड आयोडीन किती झपाट्याने ओढतं, शरीरात एकूण रक्त किती, अल्ब्युमिन किती दिवस टिकतं, अशा प्रश्नांवर दोघांचा हात बसला आणि मग ते इन्सुलिनकडे वळले.

तेव्हा एक तर्क चर्चेत होता. वयस्क मधुमेहींत इन्सुलिन तयार होतं, पण यकृतातलं एक विकर (एन्झाइम) ते फार लवकर नष्ट करतं, असा तो तर्क. तपासायला सोपा: किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ची खूण केलेलं इन्सुलिन शिरेतून द्यायचं आणि ते किती वेळात नाहीसं होतं ते मोजायचं. तर्क खरा असता तर मधुमेहींत ते झपाट्याने जायला हवं होतं. घडलं उलटंच. मधुमेहींत ते जास्त वेळ रेंगाळलं. आणि इथेच बर्सन यांची डॉक्टरी नजर कामी आली. ज्यांना मधुमेह नव्हता, पण मानसिक आजारासाठी त्या काळच्या पद्धतीनुसार इन्सुलिन शॉक दिलेले होते, त्यांच्यातही ते रेंगाळत होतं. ज्या मधुमेहींनी कधी इन्सुलिन घेतलंच नव्हतं त्यांच्यात नाही. म्हणजे कारण आजारात नसून आधी टोचलेल्या इन्सुलिनमध्ये होतं. गाईडुकरांचं इन्सुलिन वारंवार टोचल्याने शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार केली होती आणि ती खुणेच्या इन्सुलिनला धरून ठेवत होती.

पुरावा कागदावर मिळाला, तोही अक्षरशः. कागदी विद्युत्संचलनात (ओल्या कागदातून वीज सोडून रेणू वेगळे करण्याच्या रीतीत) मोकळं इन्सुलिन सुरुवातीच्या जागीच कागदाला चिकटून बसतं; प्रतिपिंडाने धरलेलं मात्र ग्लोब्युलिन या रक्तातल्या प्रथिनांसोबत पुढे सरकतं. तरी ‘सायन्स’ने लेख नाकारला, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’नेही आधी परत पाठवला. ५१ अमिनो आम्लांच्या एवढ्याशा रेणूविरुद्ध प्रतिपिंड तयारच होऊ शकत नाही, ही तेव्हाची पक्की समजूत. शेवटी शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ शब्द काढून ‘इन्सुलिन बांधणारं ग्लोब्युलिन’ असं लिहिल्यावर १९५६ मध्ये लेख छापून आला. ‘जर्नल’कडून आलेलं नकाराचं ते पत्र यालो यांनी जपून ठेवलं आणि नोबेल व्याख्यानात सर्वांसमोर ठेवलं.

ही अडगळ वाटणारी प्रतिपिंडंच पुढे तराजू झाली. बेळगाव-खानापूर गाडीत जागा ठरलेल्या आहेत आणि लाल टोपीवाले तेवढेच प्रवासी आधीच बसलेत असं समजा. आता बिनटोपीवाले जितके चढतील तितके टोपीवाले खाली उतरतील. आत किती टोप्या उरल्या ते मोजलं की बिनटोपीवाले किती चढले ते कळतं. जागा म्हणजे प्रतिपिंडं, टोपीवालं म्हणजे किरणोत्सर्गी खुणेचं इन्सुलिन, बिनटोपीवालं म्हणजे रुग्णाच्या रक्तातलं. प्रत्यक्षात ठरावीक प्रतिपिंड आणि ठरावीक खुणेचं इन्सुलिन यांत रुग्णाचा नमुना मिसळायचा, थंडीत काही दिवस ठेवायचा, बांधलेलं आणि मोकळं वेगळं करायचं, दोन्हींचं किरणोत्सर्जन मोजायचं आणि माहीत असलेल्या मात्रांच्या आलेखाशी ताडायचं. माणसांत तयार झालेली प्रतिपिंडं मानवी इन्सुलिनला पुरेशी घट्ट धरत नव्हती. गिनी पिगमध्ये तयार केलेली उत्तम धरत, आणि तिथेच पद्धत कामाला लागली. १९५९ मध्ये छोटी नोंद आणि १९६० मध्ये सविस्तर लेख. नाव रेडिओइम्युनोअ‍ॅसे. दोघांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. जो शिकायला येईल त्याला शिकवलं.

पहिल्याच मोजणीत मोठी गोष्ट कळली. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या बऱ्याच जणांत ग्लुकोज प्यायल्यावर इन्सुलिन उशिरा चढतं, पण दोन तासांनी ते निरोगी माणसापेक्षाही जास्त असतं. मोठ्या वयातल्या या मधुमेहात, म्हणजे टाइप २ मध्ये, सुरुवातीला इन्सुलिनचा दुष्काळ नसतो, पाणी असूनही शेत भिजत नाही अशी गत असते. याच मोजणीमुळे १९६४ मध्ये दिसलं की तेवढंच ग्लुकोज शिरेतून दिलं तर इन्सुलिन कमी चढतं आणि तोंडावाटे दिलं तर जास्त. म्हणजे आतडं स्वादुपिंडाला निरोप धाडतं. त्या निरोपातला जीएलपी-१ हा संप्रेरक (हार्मोन) पुढे ओळखला गेला, आणि आज बेळगावच्या मेडिकल दुकानात मिळणाऱ्या ग्लिप्टिन गोळ्या तो लवकर तुटू नये एवढंच काम करतात.

बर्सन १९७२ मध्ये परिषदेला गेले असताना हृदयविकाराने गेले, त्रेपन्नाव्या वर्षी. १९७७चं नोबेल यालो यांना मिळालं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत. आपल्या प्रत्येक लेखावर त्यांचं नाव राहावं म्हणून यालो यांनी प्रयोगशाळेलाच बर्सन यांचं नाव दिलं होतं.

आपल्याकडे ही विद्या मुंबईमार्गे आली. भाभा अणुसंशोधन केंद्राने परळला उभारलेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने ती देशात रुजवली. किटमधल्या आयोडीन-१२५ची निम्मी ताकद ६० दिवसांत जाते, त्यामुळे किट घेऊन ठेवून द्यायची सोय नव्हती आणि लहान शहरांना नमुने मोठ्या शहरात पाठवणंच परवडायचं. आज किरणोत्सर्गाऐवजी प्रकाश मोजणारी यंत्रं आहेत, प्रतिपिंडाने धरून मोजण्याचं तत्त्व मात्र तेच. आणि जिथे नमुना लांब जातो तिथे चुका अजूनही वाटेतच होतात.

इन्सुलिनच्या नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांतलं विकर इन्सुलिन खाऊन टाकतं आणि आकडा खोटा कमी येतो. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, नळी जोराने हलवणं, उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला डबा, ही नेहमीची कारणं. सीरम तासाभरात वेगळं करून थंड ठेवावं. इन्सुलिन टोचणाऱ्याचं इन्सुलिन मोजू नये. टोचलेलं आणि प्रतिपिंडं दोन्ही हिशोब बिघडवतात. त्याचं सी-पेप्टाइड मोजावं, कारण शरीर स्वतः जितकं इन्सुलिन सोडतं तितकेच सी-पेप्टाइडचे रेणू सोबत बाहेर पडतात, आणि टोचायच्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत ते साध्या तापमानालाही सुमारे २४ तास टिकतं. खानापूर-निपाणीहून नमुना पाठवताना हे मोलाचं. मात्र किडनी खराब असेल तर सी-पेप्टाइड खोटं वाढतं. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर दोन्ही आकडे चुकतात. त्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्यात. सोबत त्याच वेळची साखरही मोजावी. साखर ७०च्या खाली असताना कमी आलेलं सी-पेप्टाइड काहीच सांगत नाही.

फास्टिंग इन्सुलिनच्या आकड्यावरून काढला जाणारा होमा हा १९८५चा हिशोब, इन्सुलिन किती लागू पडत नाही याचा अंदाज देणारा: उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. साखर १००, इन्सुलिन १२ तर २.९६. पण प्रत्येक यंत्राचं इन्सुलिन थोडं वेगळं येतं, म्हणून बेळगावचा आकडा कोल्हापूरच्या आकड्याशी लावू नये.

या मोजमापाचा आपल्या भागाला सर्वांत जवळचा उपयोग पुण्यात झाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. तरी स्नायू कमी असलेल्या या बारीक बाळांत चरबी बऱ्यापैकी टिकून होती, आणि पुण्यात जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होतं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं शेजारी ठेवली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२.

म्हणून खानापूरचा सडपातळ शेतकरी शुगर घेऊन आला की ‘हा बारीक आहे, म्हणजे याचं इन्सुलिन संपलंय’ असं बघून ठरवता येत नाही. तसंच ‘वय पंचेचाळीस, म्हणजे टाइप २च’ असंही नाही. मधुमेह तीन वर्षांहून जुना असेल आणि जेवणानंतर पाच तासांच्या आत घेतलेलं सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर त्याचं इन्सुलिन कधीही बंद करू नये. १.८च्या वर असेल, तर गोळ्यांवर भागण्याची शक्यता चांगली. मधल्या आकड्याला, किंवा साखर चारशे-पाचशे असताना घेतलेल्या आकड्याला, घाई न करता साखर आटोक्यात आल्यावर पुन्हा मोजावं, कारण फार चढलेली साखर इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना तात्पुरतं गप्प बसवते.