टेडी वेदरफर्ड: शिकागोहून मुंबईला आलेला पियानो

जॅझ पियानोवादक टेडी वेदरफर्डचा जन्म १९०३चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. पियानो तो न्यू ऑर्लिन्समध्ये शिकला आणि नावारूपाला आला शिकागोत. तिथल्या व्हेंडोम थिएटरात मूकपट चालू असताना अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद साथ करायचा. १९२६च्या मे महिन्यात या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण झालं, त्यात ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग होता आणि पियानोवर टेडी. ते आजही ऐकता येतं, आणि ऐकावंच. विशेषतः त्याचा डावा हात: खर्जात एक ठोका, लगेच वरती कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर), पुन्हा खाली झेप. ठेका धरायला दुसरं कुणी लागूच नये. याला ‘स्ट्राइड’ म्हणतात.

त्याच वर्षी ड्रमवादक जॅक कार्टरच्या बँडबरोबर तो आशियाकडे निघाला. त्या काळच्या अमेरिकेत त्याच्यासारख्या कृष्णवर्णीय कलावंताला ज्या हॉटेलात टाळ्या मिळत, तिथेच राहायला खोली मिळत नसे. शांघायमध्ये त्याचा जम बसला. १९३४ साली ट्रम्पेटवादक बक क्लेटनचा अख्खा बँड त्याने कॅलिफोर्नियातून तिथे बोलावून घेतला.

मग मुंबई. १९३६ साली ताजमहाल हॉटेलातल्या, अमेरिकी ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथच्या बँडमध्ये तो वाजवत होता; पुढे हा बँड त्याच्याच हाती आला. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते इथलं काम. गोव्याची मुलं चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकून आलेली, व्हायोलिनवर हात तयार. पण कागद बाजूला ठेवून त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं, हे त्या शाळेत नव्हतं. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या वादकांना ते वेदरफर्डच्या शेजारी बसून, रोज रात्री कानांनी शिकता आलं. वर्ग नाही, फळा नाही, तरी मी त्याला शिक्षकच म्हणेन. याच पिढीतले गोव्याचे वादक पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तर सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले.

युद्धकाळात वेदरफर्ड कोलकात्याच्या ग्रँड हॉटेलात होता. बँडमध्ये ब्रह्मदेशातून आलेले रूबेन सॉलोमन आणि सेड्रिक वेस्ट, शिवाय नेपाळी ट्रम्पेटवादक जॉर्ज बँक्स. २५ एप्रिल १९४५ला कॉलऱ्याने टेडी गेला, वयाच्या ४१व्या वर्षी, कोलकात्यातच.

जॉर्ज यांचा मुलगा लुई पियानोकडे वळला आणि मुंबईत स्थायिक झाला. अशोक पत्कींच्या चालीवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’चं संगीत संयोजन केलं, ते याच लुई बँक्स यांनी.