काउंटी जेल आणि राज्याचे फौजदारी कायदे (कॅलिफोर्निया)

मराठीत तुरुंग म्हटलं की झालं, जेल काय नि प्रिझन काय, आपल्याला दोन्ही सारखेच. अमेरिकेत हे दोन वेगळे संसार आहेत आणि पुढचं सगळं समजायला आधी तेवढं डोक्यात बसवावं लागतं. प्रिझन राज्य सरकारचं (केंद्राची वेगळी असतात, ती इथे सोडून देऊ), तिथे लांब शिक्षेचे कैदी जातात. जेल काउंटीचं, काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा, आणि ते चालवतो शेरीफ, जो निवडणूक लढवून आलेला असतो, पण त्याचं बजेट मंजूर करतं काउंटीचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, तेही निवडून आलेलंच, त्यामुळे या दोघांची कुरबुर बारा महिने चालू. जेलमध्ये मुख्यतः कच्चे कैदी, म्हणजे खटला चालू असलेले किंवा जामिनाचे पैसे नसलेले, आणि जुन्या पद्धतीत एक वर्षापर्यंतची शिक्षा झालेले पक्के. आपल्याकडे हा घोळ नाही. तुरुंग हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांचा विषय, येरवडा असो की आर्थर रोड, खर्च राज्याच्या गृहखात्याचा, जिल्हा परिषदेच्या दारात तुरुंगाचं बिल येत नाही. कॅलिफोर्नियात येतं, आणि ते किती येणार हे काउंटी ठरवत नाही, राजधानी सॅक्रमेंटोतली राज्याची विधानसभा ठरवते.

कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत आणि त्या एकसारख्या अजिबात नाहीत. लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटीच्या आसपास लोक आणि देशातली सर्वात मोठी जेल व्यवस्था, तर सिएरा डोंगरातल्या अल्पाईन काउंटीत हजार-बाराशे लोक आणि स्वतःचं जेलच नाही. कायदा मात्र दोघांना एकच.

आयजीच्या जीवावर बायजी उदार

१९७० च्या दशकापासून पुढची तीस वर्षं राज्याने शिक्षा वाढवत नेल्या. १९९४ चा थ्री स्ट्राइक्स कायदा (तिसऱ्यांदा गुन्हा केला की फार लांब शिक्षा) सगळ्यांना ऐकून माहीत असतो पण तो एकटा नव्हता, असे कितीतरी कायदे होते. यात एक गंमत होती. खटला भरणारा डीए, म्हणजे डिस्ट्रिक्ट अटर्नी, सरकारी वकील, काउंटीचा, तो काउंटीच्या मतदारांनी निवडलेला, न्यायाधीशही त्याच काउंटीच्या मतदारांपुढे जाणारा, पण माणूस प्रिझनला गेला की त्याचा जेवणखाण, डॉक्टर, पहारा असा सगळा खर्च राज्यावर. तोच माणूस प्रोबेशनवर, म्हणजे आत न टाकता अटींवर देखरेखीखाली बाहेर, ठेवला किंवा काउंटी जेलमध्ये घातला तर खर्च काउंटीवर. मग कडक डीएला प्रिझन हा सर्वात स्वस्त पर्याय पडायचा, कारण त्याच्या काउंटीला तो फुकट होता. बर्कलीचे फ्रँकलिन झिमरिंग आणि गॉर्डन हॉकिन्स यांनी याला तुरुंगाचं फुकट जेवण अशा अर्थाचं नाव दिलंय, आपल्याकडे त्यासाठी आयजीच्या जीवावर बायजी उदार ही म्हण आधीपासून आहेच.

परिणाम असा की ३३ प्रिझनांची मूळ क्षमता ८० हजारांच्या आसपास आणि २००६ मध्ये आत माणसं १ लाख ७० हजारांच्या वर. जिमखान्याच्या हॉलमध्ये तीन-तीन मजली खाटा. त्या वर्षी ऑक्टोबरात गव्हर्नर आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी चक्क आणीबाणी जाहीर केली. तोपर्यंत कैद्यांच्या वतीने दोन मोठे दावे कोर्टात होते, एक १९९० चा मानसिक उपचारांबद्दल आणि दुसरा २००१ चा साध्या वैद्यकीय उपचारांबद्दल, ते तीन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे एकत्र आले आणि २००९ मध्ये आदेश निघाला की संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणा, म्हणजे साधारण १ लाख १० हजार. राज्य सरकार देशाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २३ मे २०११ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी हरलं. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या निकालपत्राला गर्दीचे फोटो जोडलेत, निकालपत्राला फोटो हा प्रकारच दुर्मिळ, आणि ५४ कैद्यांत एक संडास हा तपशील त्यातलाच.

रिअलाइनमेंट, म्हणजे ओझं खालच्या मजल्यावर

निकाल लागायच्या आधीच, एप्रिल २०११ मध्ये, नवे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी असेंब्ली बिल १०९ वर सही करून टाकली होती आणि १ ऑक्टोबर २०११ पासून ते लागू झालं. याला पब्लिक सेफ्टी रिअलाइनमेंट म्हणतात. काउंटीच्या ऑफिसांत मात्र कुणी एवढं लांब नाव घेत नाही, नुसतं एबी १०९ म्हणतात, आणि त्याखाली आलेल्या कैद्यांना ट्रिपल नॉन किंवा नॉन-नॉन-नॉन. म्हणजे गुन्हा गंभीर यादीतला नाही, हिंसक नाही, लैंगिक नाही. असे लोक, फेलनी, म्हणजे मोठ्या वर्गातला गुन्हा, असली तरी, प्रिझनला जाणार नाहीत, शिक्षा काउंटीतच भोगतील. प्रिझनमधून सुटणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांवर देखरेख आता राज्याचा पॅरोल अधिकारी न ठेवता काउंटीचं प्रोबेशन खातं ठेवणार. आणि पॅरोलच्या अटी मोडणारे, जे आधी तीन-चार महिन्यांसाठी प्रिझनला परत जाऊन यायचे, ते आता काउंटी जेलमध्ये, जास्तीत जास्त १८० दिवस. तेव्हा प्रिझनमध्ये असलेल्या कुणालाही उचलून जेलमध्ये टाकलं नाही हे इथे सांगायला हवं, कारण सोडून दिले सोडून दिले अशी ओरड खूप झाली. कायदा पुढे शिक्षा होणाऱ्यांना आणि सुटून येणाऱ्यांना लागू होता.

पहिल्या वर्षातच प्रिझनची संख्या पंचवीस हजारांच्या वर घटली. ती सगळी माणसं जेलमध्ये वाढली का, तर नाही, अभ्यासकांचा हिशोब असा की प्रिझनमधून तीन कमी झाले तर जेलमध्ये साधारण एक वाढला, बाकीचे बाहेरच राहिले, देखरेखीखाली किंवा तशीही नाही. गुन्ह्यांचं म्हणाल तर हिंसक गुन्हे यामुळे वाढले असं दिसलं नाही, गाड्यांच्या चोऱ्या मात्र वाढल्या.

खरी पंचाईत जेलच्या इमारतीची झाली. जेल बांधलेलं असतं काही दिवसांच्या, फार तर काही महिन्यांच्या मुक्कामासाठी, त्यामुळे धड अंगण नाही, वर्ग नाहीत, कारखाना नाही, भेट काचेआडून, आणि दवाखाना म्हणजे ताप-खोकल्यापुरता. नव्या कायद्यात जेलमधल्या शिक्षेला वरची मर्यादाच ठेवलेली नव्हती. २०१३ च्या सुरुवातीला शेरीफांच्या संघटनेने मोजणी केली तेव्हा पाच वर्षांहून लांब शिक्षेचे अकराशेच्या वर कैदी काउंटी जेलांत निघाले आणि लॉस एंजेलिसमध्ये एकाची शिक्षा तर चाळीस वर्षांच्या वर, अमली पदार्थांच्या केसमध्ये. डायबेटिस, हृदयविकार, दातांचं, मानसिक आजार, वर्षानुवर्षं आत राहणाऱ्या माणसाचं जे जे निघतं ते सगळं शेरीफच्या अंगावर. आणि कैद्याला उपचार देणं ही मेहेरबानी नव्हे, १९७६ पासून सुप्रीम कोर्टाने तो घटनात्मक हक्क ठरवलाय. त्यात भर म्हणजे गरिबांसाठीची केंद्राची मेडिकेड योजना माणूस जेलमध्ये गेला की बंद होते, १९६५ पासूनच तसा नियम आहे, म्हणजे बाहेर ज्याच्या औषधाला केंद्र आणि राज्य पैसे देतं त्याच्याच औषधाला आत गेल्यावर काउंटी देते. सुटकेच्या आधीचे ९० दिवस या योजनेत घ्यायची परवानगी कॅलिफोर्नियाला जानेवारी २०२३ मध्ये मिळाली, आणि अशी परवानगी मिळालेलं ते पहिलं राज्य.

मग जे राज्याचं झालं तेच काउंट्यांचं होऊ लागलं. प्रिझनच्या वैद्यकीय दाव्यात जी वकिलांची संस्था लढली, प्रिझन लॉ ऑफिस, तिनेच डिसेंबर २०११ मध्ये फ्रेझ्नो काउंटीच्या जेलवर आणि २०१३ मध्ये रिव्हरसाईडवर दावा लावला, विषय तोच, उपचार. दोन्हीकडे शेवटी तडजोड झाली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डब्लिन-प्लेझंटन भागात आपली बरीच मंडळी राहतात, तिथेच ५८० फ्रीवेच्या उत्तरेला अलामेडा काउंटीचं सँटा रिटा जेल आहे, त्याच्यावर २०१८ मध्ये मानसिक उपचार आणि एकांतकोठडीवरून दावा झाला, दुसऱ्या वकिलांनी लावलेला, आणि २०२२ मध्ये कोर्टाच्या देखरेखीखालचा करार झाला, ज्यासाठी काउंटीला शेकड्याने नवी माणसं भरायची ठरवावी लागली. घराचा प्रॉपर्टी टॅक्स भरताना आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक असतं कोण जाणे. हा टॅक्स काउंटीला मनाला येईल तसा वाढवताही येत नाही, १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांनी मत देऊन पास करायचा प्रस्ताव) तो मूळ किमतीच्या एक टक्क्याला बांधून टाकलाय.

अनेक जेलांवर आधीपासूनच कोर्टाने घातलेली कमाल संख्या होती. तिथे नवा माणूस आला की जुना कुणीतरी सोडायचाच, शेरीफ रोज सकाळी यादी घेऊन बसणार, आणि मग मिसडिमीनरवाले, म्हणजे किरकोळ गुन्ह्यातले, शिक्षेचा थोडासा भाग भोगून बाहेर. राज्याच्या प्रिझनमधली गर्दी कमी झाल्याच्या बातम्या आल्या त्या याच यादीच्या जोरावर, असं माझं मत, पण बातम्यांत यादी दिसत नाही.

पैसा कुठून, कुणाला किती

ब्राऊन यांनी नुसतं ओझं दिलं नाही, पैसेही दिले हे कबूल करायला पाहिजे. विक्रीकराचा एक ठरलेला हिस्सा आणि गाड्यांच्या लायसन्स फीचा भाग काउंट्यांना तोडून दिला, पहिल्या वर्षी एबी १०९ साठी सुमारे ४० कोटी डॉलर आणि दोन-तीन वर्षांत १०० कोटींच्या घरात. नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रपोझिशन ३० पास झालं आणि हा हिस्सा राज्यघटनेतच गेला. वाटपावरून मात्र भांडण झालंच. सुरुवातीच्या सूत्रात कोणत्या काउंटीचे किती लोक प्रिझनला जायचे याला वजन जास्त होतं, म्हणजे जिने सढळ हाताने प्रिझनला पाठवले तिला जास्त आणि सॅन फ्रान्सिस्कोसारखी, जिने आधीपासून आपल्या लोकांवर आपणच खर्च केला, तिला कमी.

पैसा खर्च कसा करायचा हे ठरवायला प्रत्येक काउंटीत एक कमिटी असते, अध्यक्ष प्रोबेशनचा मुख्य अधिकारी, बरोबर शेरीफ, डीए, सरकारी बचाव वकील, पोलीस प्रमुख, कोर्टाचा प्रतिनिधी. त्यांचा आराखडा बोर्डाला चार पंचमांश मतांशिवाय फेटाळता येत नाही. इथे काउंटी-काउंटीचा स्वभाव दिसतो. शिक्षेचा काही भाग जेलमध्ये आणि उरलेला देखरेखीखाली बाहेर, याला स्प्लिट सेंटन्स म्हणतात, तो कॉन्ट्रा कोस्टात जवळजवळ सगळ्यांना मिळायचा आणि लॉस एंजेलिसमध्ये अगदी थोड्यांना, कायदा एकच असून. २०१५ पासून राज्याने तो नेहमीचा नियम केला आणि नको असेल तर न्यायाधीशाने कारण द्यायचं असं ठरवलं.

एक बारीक कलम फार कुणी सांगत नाही आणि माझ्या मते ते या सगळ्याचं मूळ आहे. राज्याने काउंटीवर नवीन काम लादलं तर पैसे भरून द्यायचे असं कॅलिफोर्नियाची घटना १९७९ पासून सांगते, त्याचे दावे ऐकायला वेगळं कमिशनसुद्धा आहे. पण त्यात अपवाद ठेवलाय: नवा गुन्हा ठरवणारा किंवा गुन्ह्याची व्याख्या बदलणारा कायदा. म्हणजे लायब्ररीला नवा रजिस्टर ठेवायला लावला तर काउंटी पैसे मागू शकते, नवा गुन्हा जन्माला घालून जेल भरलं तर नाही. बिलाच्या शेवटी एक ठराविक परिच्छेद येतो, की हे बिल गुन्ह्याबद्दल असल्याने भरपाई लागू नाही, आणि विषय मिटतो.

नंतरचे हेलकावे

नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ४७ पास केलं, ड्रग जवळ बाळगणं आणि ९५० डॉलरपर्यंतची चोरी फेलनीची मिसडिमीनर झाली, जेलं बऱ्यापैकी रिकामी झाली आणि प्रिझनसुद्धा २०१५ च्या सुरुवातीला एकदाची १३७.५ च्या खाली आली. मग २०२० चा कायदा आला की राज्याचे बालगुन्हेगारांचे तुरुंग बंद, मुलं काउंटीकडे, आणि ३० जून २०२३ ला ते खरंच बंद झाले. त्याच काळात करोना, राज्याने प्रिझनमध्ये नवे कैदी घेणं थांबवलं, ज्यांना शिक्षा झालेली होती ते महिनोन् महिने काउंटी जेलमध्येच अडकून. त्याच २०२० मध्ये कैद्यांकडून आणि प्रोबेशनवाल्यांकडून घेतल्या जाणाऱ्या २३ प्रकारच्या फिया रद्द झाल्या, २०२१ च्या जुलैपासून, काउंट्यांना बदल्यात वर्षाला साडेसहा कोटी डॉलर. या फिया वाईटच होत्या, कंगाल माणसाकडून वसुली ती काय होणार, पण काउंटीच्या बजेटमध्ये तो आकडा मांडलेला होता.

आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये काटा परत उलटा. प्रपोझिशन ३६ ला दोन तृतीयांशांहून जास्त मतं पडली, वारंवार चोरी आणि ड्रग पुन्हा फेलनी, ड्रगवाल्याला उपचार घे नाहीतर शिक्षा भोग असा पर्याय. १८ डिसेंबर २०२४ पासून लागू. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम विरोधात होते. उपचार कुठे द्यायचे, खाटा किती, समुपदेशक कुठून आणायचे, यासाठी प्रस्तावात स्वतंत्र पैसा ठेवलेला नव्हता, आणि ४७ मुळे वाचणारा जो पैसा काउंट्यांच्या उपचार कार्यक्रमांना जायचा तोही यामुळे आटणार.

हे फक्त कॅलिफोर्नियाचं नाही. इंडियानाने २०१६ पासून सर्वात खालच्या पायरीच्या फेलनीवाल्यांना काउंटी जेलकडे वळवलं, दिवसाला ठराविक रक्कम देऊन, जेलं तुडुंब भरली, आणि २०२२ मध्ये न्यायाधीशांना त्यांना पुन्हा प्रिझनला पाठवायची मुभा देऊन माघार घेतली. लुइझियानात उलटंच. तिथे राज्याचे निम्म्याच्या आसपास कैदी स्थानिक जेलांत असतात आणि राज्य शेरीफला माणशी दिवसाला २५ डॉलरच्या आसपास देतं. ग्रामीण भागातल्या शेरीफांनी तर त्या हिशोबावरच जेलं बांधली, त्यावर पोलिसांचे पगार निघतात, गाड्या येतात. २०१७ मध्ये राज्याने शिक्षा सौम्य केल्या तेव्हा तिथे खर्च वाढणार म्हणून कुणी घाबरलं नाही, खाटा रिकाम्या पडतील म्हणून घाबरले. २०२४ मध्ये खास अधिवेशन बोलावून त्यातलं बरंच मागे घेतलं गेलं आणि नव्या गुन्ह्यांसाठी पॅरोल जवळजवळ बंदच झाला.