बोहारणीपासून लाल ठिपक्यापर्यंत

पुणेकरांच्या काटकसरीवर विनोद भरपूर झाले. त्यात एक गोष्ट सुटते. ही काटकसर नुसत्या घरातल्या शिस्तीवर कधीच चालली नाही. वाड्यात नकोशी झालेली वस्तू घ्यायला दारात कोणीतरी यायचं. जुनं लुगडं आधी गोधडीत जाई, मग पोतेऱ्यात. त्यातल्या त्यात धड कपडे बोहारणीसाठी राखून ठेवायचे आणि एका पातेल्यापायी तिच्याशी तासभर घासाघीस करायची. (जिंकायची बहुधा तीच.) भांड्यांना कल्हईवाला, गाद्यांना पिंजारी, वर्तमानपत्रांना रद्दीवाला. चुलीतली राख भांडी घासायला, शिळी पोळी फोडणीला. बाकीचं काय काय असेल ते बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मांडलेलं दिसे.

यात पर्यावरण वगैरे काही नव्हतं. युद्धकाळातलं रेशन आणि १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) ज्यांनी खाल्ली, त्यांचा हात अन्न टाकायला धजत नसे, इतकंच.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पुरात वाडे गेले आणि पेठांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढे वाडे पडून फ्लॅट आले. गॅस आल्यावर राख संपली, स्टीलपुढे कल्हई मागे पडली, दुधाच्या बाटलीची पिशवी झाली. नेणारी माणसं एकेक करून दिसेनाशी झाली आणि जे पूर्वी कुणाच्या तरी उपयोगी पडे, ते कचराकुंडीत पडू लागलं. कुंडीतून कोथरूडचा कचरा डेपो, नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं वास, धूर आणि बिघडलेलं विहिरीचं पाणी सोसलं, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. २०१७ मध्ये ही दोन्ही गावं महापालिकेतच घेतली गेली.

कुंडीतलं कामाचं मात्र तेव्हाही कोणीतरी वेचत होतं. त्या बहुतेक दलित समाजातल्या बाया, उकिरड्यात हात घालून कागद, काच, पत्रा निवडणाऱ्या. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कार्यकर्त्यांची त्यांच्याशी गाठ पडली आणि १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. मागणी साधी होती: कचरा आमच्या हातात घरातूनच वेगळा करून द्या. ओला-सुका हा शब्द सरकारी फलकांवर पोचण्याआधी तो त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, कारण आमटीत भिजलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही.

याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघरी कचरा घ्यायचा, घरटी ठरलेलं शुल्क आणि सुक्या मालाची विक्री ही त्या बायांची कमाई. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरातच वर्गीकरण सक्तीचं केलं. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, ही विनंतीही याच बायांची. उघडं पुडकं हाताला लागण्याचा अनुभव त्यांचाच.

दूधपिशवी आजही रद्दीवाला किलोवर घेतो, म्हणून ती अनेक घरांत धुऊन वाळत पडलेली दिसते. वेफर्सचं चकचकीत पाकीट मात्र तो हातात धरत नाही. प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. बोहारणीनेही ते घेतलं नसतं.